शटरवाला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही: पडद्यावर नुसती आडवी रेघ, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इंदूरच्या रामबागेतलं आमचं जुनं घर आवरतोय. मागच्या खोलीत आजोबांचा टीव्ही निघाला. वीस इंची, लाकडी कॅबिनेट, शटरला कुलूप. किल्ली आजोबांच्या जानव्याला असायची. बातम्या संपल्या की शटर बंद, मग पुढे काहीही लागो. १९८७ साली ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा मात्र रविवारी सकाळी स्वतःच उघडायचे, आणि वाडा जमला की टीव्ही सोडून स्टॅबिलायझरच्या काट्याकडे बघत बसायचे.

किल्ली काही मिळाली नाही, शटर मागून सरकवलं. झाकणाच्या आत मेकॅनिकनं पेन्सिलीनं दुरुस्तीच्या तारखा लिहून ठेवल्यात, शेवटची ९१ सालची.

शंभर वॉटचा बल्ब सिरीजमध्ये घालून चालू केला (थेट प्लग लावायची छाती झाली नाही). बल्ब लख्ख पेटून मंद झाला, स्पीकर खरखरला आणि पडद्याच्या मधोमध एकच पांढरी रेघ. बल्ब काढूनही तेच.

जेल रोडवर एकानं "भैया, कबाड़ी को दे दो" म्हटलं, दुसऱ्यानं फोटो बघूनच पिक्चर ट्यूब गेली म्हणून सांगितलं. ट्यूब गेली असती तर रेघ तरी कशी उमटली असती?

व्हर्टिकल सेक्शनचे (चित्र वर-खाली पसरवणाऱ्या सर्किटचे) कपॅसिटर सरसकट बदलू, की आधी काही तपासायचं? आणि मागे फक्त अँटेनाच्या चपट्या तारेचे दोन स्क्रू आहेत, सेट-टॉप बॉक्स जोडू कसा?

उत्तर: ट्यूब ठणठणीत आहे. रेघ पूर्ण रुंदीची असेल तर लाइन सेक्शन (बीम आडवा फिरवणारं सर्किट) आणि ईएचटी (ट्यूबला लागणारा हाय व्होल्टेज) चालू आहेत, इलेक्ट्रॉनचा बीम फक्त वर-खाली जात नाहीये. ब्राइटनेस आधी उतरवा, नाहीतर ती रेघ पडद्यावर कायमची जळून बसेल. सरसकट काही बदलू नका. व्हर्टिकल आउटपुटला सप्लाय येतोय का, योकची (ट्यूबच्या मानेवरच्या, बीम वळवणाऱ्या कॉइलची) व्हर्टिकल वाइंडिंग मीटरवर सलग दाखवते का, मग योककडे जाणारा मोठा कपॅसिटर, या क्रमानं बघा. चॅसिसला हात नको, पुष्कळ सेटांत ती थेट मेनवर असते. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट राहतात, आधी डिस्चार्ज करा.
जोडणीला व्हीएचएफचा पाल-बी (जुन्या दूरदर्शनच्या पद्धतीचा) आरएफ मॉड्युलेटर घ्या, म्हणजे बॉक्सचा सिग्नल टीव्हीच्या चॅनेलवर आणणारा डबा, आणि ७५ ते ३०० ओहमचा बॅलन (गोल केबल चपट्या तारेच्या स्क्रूंना जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर).

धागाकर्ता: ब्राइटनेस उतरवला. ट्यूब डिस्चार्ज करून योकवर मीटर लावलं, काहीच दाखवत नाही. पण टॅगवर एक तार नुसतीच टेकलेली दिसतेय, सोल्डर तडकलंय. उद्या डाग देतो.