मदत हवी आहे: सेन्सर हलवला की बोर्ड गोठतो

रात्रपाळी: तीन रात्री गेल्या या ड्रायव्हरपायी, म्हणजे लिनक्सच्या कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) बसून सेन्सर वाचणाऱ्या कोडपायी. मोड्यूल कंपाइल होतं, इन्समॉडने कर्नलमध्ये चढतं, प्रोबमधला (सेन्सर सापडल्यावर चालणाऱ्या फंक्शनमधला) माझा मेसेज दिसतो. सेन्सर जरा हलवला की सगळं ठप्प. एसएसएच (नेटवर्कवरचं लॉगिन) तुटतं, वायर उपटून परत लावावी लागते. इंटरप्ट हँडलरमध्ये, म्हणजे सेन्सरने इशारा दिला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये, पाच-सहाच ओळी आहेत, त्यात चुकण्यासारखं काही नाही. शुक्रवारी कॉलेजात दाखवायचंय. कुणाला माहीत असेल तर प्लीज लवकर सांगा.

काळा_चहा: बोर्ड कोणता, सेन्सर कोणता, कर्नल कितवा? आणि त्या पाच-सहा ओळी इथे टाका. चूक तिथेच असणार.

रात्रपाळी: बोर्ड रास्पबेरी पाय ४, सेन्सर एमपीयू ६०५०, हालचाल मोजणारा. कर्नल इमेजसोबत येतो तोच. ओळी साध्या आहेत हो, सेन्सरची रजिस्टरं वाचायची आणि बफरमध्ये टाकायची.

घाटमाथा: कर्नलमध्ये शिरायचंच कशाला? सेन्सर आयटूसी बसवर (दोन तारांच्या जोडणीवर) आहे, ती साध्या प्रोग्रॅमला वापरू देणारं आयटूसी-डेव्ह उघडा आणि पायथॉनमधून वाचा. शेतातले ओलाव्याचे सेन्सर मी दोन वर्षं असेच चालवतोय. चुकलं तर आपला प्रोग्रॅम मरतो, बोर्ड चालू राहतो.

फर्मवेअरवाला: शिवाय या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहेच, आयआयओ या सेन्सरांच्या विभागात. तो लावा आणि मोकळे व्हा.

रात्रपाळी: अहो, ड्रायव्हर लिहिणं हाच प्रोजेक्ट आहे!

वैदर्भीय: त्याच बसवर डीएस३२३१ घड्याळ आहे का? दोघांचा पत्ता हेक्स ६८. माझे दोन दिवस यातच गेले होते. सेन्सरची एडी० पिन ३.३ व्होल्टला जोडा, पत्ता ६९ होतो.

रात्रपाळी: घड्याळ नाहीये.

काळा_चहा: पत्त्याचा घोळ असता तर वाचलेले आकडे चुकले असते, बोर्ड गोठला नसता. गोठण्याआधी कर्नल काय म्हणाला ते बघू. एसएसएचवर ते दिसणार नाही, सीरियल कन्सोल लागेल, म्हणजे कर्नलचे मेसेज थेट तारेवरून. यूएसबी-टीटीएल केबल घ्या, ३.३ व्होल्टचीच, ५ व्होल्टची लावलीत तर पिना जातील. बोर्डाची ६ नंबरची पिन ग्राउंड, ८ वर टीएक्स (पाठवणारी), १० वर आरएक्स (घेणारी), केबलचे टीएक्स-आरएक्स उलटे जोडायचे. कॉन्फिग फाइलमध्ये एनेबल_यूएआर्ट=१, वेग १,१५,२००. लॉगलेव्हल ८ ठेवा, म्हणजे सगळे मेसेज दिसतील.

रात्रपाळी: केबल मित्राकडून आणली. 'बग: शेड्युलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक' आलं, पुढे स्वॅपर असं काहीतरी. खालच्या यादीत माझा हँडलर आहे, त्याच्या वर आयटूसी ट्रान्सफर.

काळा_चहा: सापडलं. इंटरप्ट हँडलरमध्ये झोपता, म्हणजे वाट बघत थांबता, येत नाही, आणि आयटूसीचं वाचन झोपतंच. हिशेब करा: बस १०० किलोहर्ट्झ, एका बाइटला ९ क्लॉक, म्हणजे ९० मायक्रोसेकंद. १४ बाइट वाचायचे, शिवाय पत्ता, रजिस्टर आणि परत पत्ता मिळून १७ बाइट झाले. दीड मिलिसेकंद! तेवढा वेळ बसचा ड्रायव्हर प्रोसेसर सोडून देतो, आणि तुम्ही त्याला अशा जागी बोलावलंय जिथे सोडायला कुणी टास्कच नाही. रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यू वापरा, त्यात काम झोपू शकणाऱ्या थ्रेडमध्ये चालतं. पहिला हँडलर नल (रिकामा), वाचन थ्रेडच्या फंक्शनमध्ये, फ्लॅगमध्ये आयआरक्यूएफ_वनशॉट. नल दिला आणि वनशॉट विसरलात तर कर्नल विनंतीच नाकारेल.

फर्मवेअरवाला: एवढा खटाटोप नको. वर्कक्यूमध्ये (नंतर करायच्या कामांच्या रांगेत) काम टाका. आम्ही वर्षानुवर्षं तेच केलंय.

काळा_चहा: तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. थ्रेडेड इंटरप्ट २००९ मध्ये २.६.३० ला आले. या चिपमध्ये लॅच (इशारा धरून ठेवणं) चालू करून लेव्हल ट्रिगर (लाइनवर इशारा असेपर्यंत इंटरप्ट) लावलात, तर स्टेटस रजिस्टर वाचेपर्यंत लाइन खाली येत नाही. तुमचं काम रांगेत, तोवर तोच इंटरप्ट परत परत. वनशॉट थ्रेड संपेपर्यंत लाइन मास्क करतं, म्हणजे दाबून ठेवतं.

फर्मवेअरवाला: डिसेबल_आयआरक्यू_नोसिंकनेही लाइन बंद होते.

काळा_चहा: होते. मग काम संपल्यावर ती परत चालू करायची आठवणही तुम्हीच ठेवायची. नव्याने शिकणाऱ्याला हे सांगू नये.

सदाफुली: ड्रायव्हरचा विषय निघालाय म्हणून विचारते. विंडोज अपडेट झाल्यापासून आमचा प्रिंटर कोरी पानं काढतोय. कोणता ड्रायव्हर टाकू?

घाटमाथा: ताई, वेगळा धागा काढा. आधी नोझल साफ करून बघा.

रात्रपाळी: चाललं!! काळा_चहा, खरंच खूप आभार. सेन्सर हलवला की आकडे बदलतात. पण आता आरएमएमॉड करताना (मोड्यूल काढताना) सेन्सर हातात असेल तर कधीकधी ऊप्स (कर्नलची एरर) येतो. टेबलावर ठेवला असेल तर नाही.

काळा_चहा: इंटरप्ट डेव्हएमवालं (घेतलेलं आपोआप सोडणारं) फंक्शन वापरून घेतलाय? आणि रिमूव्हमध्ये (मोड्यूल काढताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) बफर केफ्री करताय, म्हणजे त्याची मेमरी सोडताय?

रात्रपाळी: हो, दोन्ही. चूक आहे का?

काळा_चहा: डेव्हएमचा इंटरप्ट रिमूव्ह संपल्यावर सुटतो. तुम्ही बफर आधीच फेकलाय, मधे सेन्सर हलला की थ्रेड त्या फेकलेल्या जागेत लिहितो. बफरही डेव्हएम_केझॅलॉकने घ्या, इंटरप्ट मागण्याच्या आधी, आणि केफ्री काढून टाका. सोडताना उलट क्रम लागतो, म्हणजे आधी इंटरप्ट जाईल, मग बफर. आणि आता तरी कोड टाका, शुक्रवारच्या आत बाकीचंही बघून देतो.