वखारीत सेफ्टी अवॉर्ड द्यायचंय, निकष काय ठेवावेत?

वखारवाला_सोलापूर
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोडला आमची लाकडाची वखार आहे, एक बँडसॉ, एक गोल आरा, एक रंधा मशीन. आसपासच्या वखारवाल्यांनी मिळून ठरवलंय की 4 मार्चला सेफ्टी डे असतो त्या दिवशी छोटा कार्यक्रम घ्यायचा आणि ज्या मिलमध्ये वर्षभरात एकपण अपघात नाही तिला ढाल, कामगारांना प्रत्येकी एक चादर (सोलापुरात दुसरं काय देणार). पण आमच्यातच वाद लागलाय. एकजण म्हणतोय अपघात झाला नाही हे ठरवणार कोण, दुसरा म्हणतोय हे कशाला, डायरेक्ट दिल्लीच्या अवॉर्डला अर्ज टाकू. मोठ्या ठिकाणी हे कसं करतात कुणाला माहितीय का?

आरामिस्त्री
मालक राग मानू नका पण मी आरा चालवणारा माणूस हाय म्हणून सांगतो. आधी ज्या मिलमध्ये होतो तिथं असलंच बक्षीस होतं, अपघात नाही तर सगळ्यांना पैसे. एका हेल्परचं बोट फाटलं तर बाकीच्या पोरांनीच त्याला गप बसवलं, बक्षीस जाईल म्हणून. चिंधी गुंडाळून खाजगी डॉक्टरकडं नेलं, वहीत काय लिहिलं नाही. पुढं बोट चिघळलं, घरी बसावं लागलं, आणि ईएसआयसीचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे, पैसे मागायला गेला तर अपघाताची नोंदच नाही. पगाराच्या 90 टक्के मिळतात त्यात, ते पण बोंबललं. त्या वर्षी मिल शून्य अपघातवालीच होती बरं का.

चिंचोळी_सेफ्टी
मिस्त्रींनी मुद्द्यावर बोट ठेवलं. 4 मार्च ही नॅशनल सेफ्टी कौन्सिलच्या स्थापनेची तारीख, 1966 ची, आणि आठवडा 10 मार्चपर्यंत चालतो, त्यामुळे कार्यक्रम त्यातल्या कुठल्याही दिवशी ठेवा. दिल्लीचं म्हणाल तर केंद्राच्या कामगार मंत्रालयाचे राष्ट्रीय सुरक्षा पुरस्कार आहेत पण ते कामाच्या तासांवर आणि अपघातांच्या दरावर ठरतात, दहा-बारा माणसांच्या वखारीचं ते काम नाही.

अमेरिकेत सदर्न फॉरेस्ट प्रॉडक्ट्स असोसिएशन सॉ मिलना असं अवॉर्ड देते, उत्पादनाप्रमाणे गट पाडून. तिकडं दर काढायची रीत अशी: दुखापती गुणिले 2,00,000 भागिले कामाचे एकूण तास. 2 लाख म्हणजे 100 माणसं, आठवड्याला 40 तास, 50 आठवडे. आता तुमच्याकडे 12 माणसं धरा, प्रत्येकी वर्षाला 2,400 तास, झाले 28,800. एक दुखापत झाली की दर जवळजवळ 7, नाही झाली की 0. मधे काही नाहीच. म्हणजे छोट्या मिलमध्ये तुम्ही सेफ्टीला नाही, नशिबाला ढाल देताय. आणि दुखापत लपवायला भाग पाडणारी बक्षिसं नकोत हे तिथल्या ओशानं (कामगार सुरक्षेचं सरकारी खातं) 2016 च्या नियमाच्या वेळी स्पष्ट सांगितलंय.

माझं मत, जे माणसाच्या हातात आहे त्याला मार्क द्या. गोल आऱ्याला वरचं गार्ड आणि ब्लेडमागची पाचर आहे का (नसली की चीर आवळते आणि फळी उलटी येते अंगावर), शेवटचा तुकडा ढकलायला दांडा आहे का, ब्लेड बदलताना मेन स्विच बंद होतो का नुसताच स्टार्टर. आणि एक ‘थोडक्यात वाचलो’ वही ठेवा, जिच्यात खऱ्या नोंदी जास्त तिला जास्त मार्क.

टिंबर_अकाउंट
गार्डला खर्च येतो म्हणणाऱ्यांसाठी: 1923 च्या भरपाई कायद्याच्या (तो 2025 पर्यंत होता) तक्त्यात अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के गेली असं धरायचे, तर्जनी 14, मधलं बोट 12. जिथं ईएसआय लागू नाही तिथं हे मालकाच्या खिशातून.

वखारवाला_सोलापूर
वहीची आयडिया आवडली, मीटिंगमध्ये मांडतो. मग मार्कांच्या यादीत हातमोजे, मास्क, हेल्मेट पण घालू का? फोटोत पण चांगलं दिसतं.

आरामिस्त्री
मास्क घाला, हातमोजे नको!! चालू आऱ्याला हातमोजा अडकला की नुसतं बोट नाही, हात ओढतो. ओंडके उतरवताना ठीक हाय. आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये प्रत्येकाच्या गळ्यात घाम पुसायला टॉवेल असतो, त्याचं पण बघा, बेल्टजवळ टॉवेल म्हणजे फास हाय.

चिंचोळी_सेफ्टी
बरोबर. फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम 22 मध्येच होतं (तो कायदा 2025 पर्यंत होता), चालू मशीनला तेलपाणी वगैरे करणाऱ्याचे कपडे अंगाला घट्ट पाहिजेत. आणि भुशाला पण मार्क ठेवा. 2012 मध्ये कॅनडात ब्रिटिश कोलंबियात दोन सॉ मिल भुशाच्या स्फोटानं उडाल्या, जानेवारीत एक, एप्रिलमध्ये दुसरी, दोन्हीकडं दोन-दोन कामगार गेले. कीड लागून वाळलेलं लाकूड कापायचे, भुसा बारीक आणि कोरडा. आपल्या उघड्या शेडमध्ये स्फोटाची भीती कमी पण आग लागायला भुसा आणि एक विडी बास आहे. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत लाकडाची धूळ कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्यांत आहे.

बे_काय_राव
तपासणार कोण पण? मालकच मालकाला मार्क देणार मग सगळ्यांनाच ढाल 😀

वखारवाला_सोलापूर
म्हणूनच म्हणतोय एका मिलचा मिस्त्री दुसऱ्या मिलला पाठवू, न सांगता. मालक लोक फक्त चहाला. चादर सगळ्या कामगारांना तशीच देऊ, अपघात झाला म्हणून कुणाची कापायची नाही. ते वरचं गार्ड रेडिमेड मिळतं का इथं?

आरामिस्त्री
एमआयडीसीत कुठलाबी फॅब्रिकेशनवाला बनवून देईल. फक्त बोल्टनं पक्कं करू नका, बिजागरीवर घ्या, उचलून ब्लेड बदलता आलं पाहिजे. बोल्टवालं एकदा काढलं की परत कोण बसवत नाही, कोपऱ्यात पडून राहतं.