आधी कार्ड की गृहकर्ज? (वडोदरा)

प्रश्न: इथे दोन महिन्यांचं लाइट बिल एकदम येतं, त्यात कार्डावर ६०,००० थकलेत, शिवाय गृहकर्ज. बोनसमधून आधी काय फेडू?

उत्तर १: कार्डच, दादा. महिना ३.५ टक्क्यांनी व्याज २,१००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८. किमान रक्कम ५ टक्के, म्हणजे ३,००० भरलेत तरी मुद्दल जेमतेम ५२२ नं घटतं! बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. कार्ड आजच कपाटात ठेवा.

उत्तर २: बोनस पुरला नाही तर बँकेत सोनं तारण ठेवा. वर्षाला १२ टक्के धरले तरी ६०,००० वर महिना ६००च. मुदत चुकवू नका, दागिने लिलावात जातात. लाइट बिलाची निम्मी रक्कम दरमहा बाजूला काढा.

उत्तर ३: बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. नंतर भराल तेव्हा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायला लेखी सांगा.