युएंदुमूचा कारभार नक्की कोण चालवतं?

रानवाट: ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी प्रांतात, ॲलिस स्प्रिंग्ज शहराच्या वायव्येला साधारण 290 किमीवर वार्लपिरी आदिवासींचं युएंदुमू आहे. अशा वाळवंटी वस्तीत ग्रामपंचायतीसारखं काही असतं का? जमीन, वीज, पाणी कुणाच्या ताब्यात?

मुरमाड: सगळं एकाच्या ताब्यात नाही, तिथेच लोक गोंधळतात. जमीन 1976 च्या भूहक्क कायद्याखाली लँड ट्रस्टच्या, म्हणजे पारंपरिक मालकांसाठी जमीन सांभाळणाऱ्या न्यासाच्या नावावर आहे, ती विकता येत नाही. काही बांधायचं तर त्याच कायद्याच्या कलम 19 चा भाडेपट्टा लागतो, आणि त्याआधी सेंट्रल लँड काउन्सिलला, म्हणजे या भागातल्या आदिवासी जमिनींचं काम पाहणाऱ्या संस्थेला, पारंपरिक मालकांची संमती घ्यावी लागते. नुसत्या ‘किर्दां’ना, म्हणजे वडिलांकडून त्या भूमीचा वारसा आलेल्यांना, विचारून भागत नाही. आईकडून नातं असलेले ‘कुर्दुंगुर्लु’ तिची देखरेख करतात. त्यांना डावलून ठरवलेलं टिकत नाही.

गावाची स्वतःची कौन्सिल होती. 1 जुलै 2008 ला ती मोठ्या शायरमध्ये, म्हणजे अनेक वस्त्यांच्या एकत्रित स्थानिक संस्थेत, विलीन केली. आता सेंट्रल डेझर्ट रीजनल काउन्सिल. कचरा, गावातले रस्ते, रात्रीची गस्त तिच्याकडे, पण मुख्य कचेरी ॲलिस स्प्रिंग्जला. गावात उरली ‘लोकल अथॉरिटी’. ती मुख्यतः शिफारशीच करते. माझ्या मते गावाचं यात नुकसानच झालं. शिवाय मयत झालं की सगळे शोकविधीला जातात, कोरम भरत नाही, बैठक बारगळते.

बोअरवाला: वीज-पाणी ‘पॉवर अँड वॉटर’ या प्रांताच्या सरकारी कंपनीच्या उपकंपनीकडे. घरोघरी प्रीपेड मीटर. उन्हाळ्यात पारा 40 च्या वर, एकेका घरात माणसं भरपूर, कूलर दिवसभर चालू. रिचार्ज झपाट्याने संपतो आणि वीज आपोआप तुटते. फ्रिजमधलं मांस जातंच, इन्सुलिनही जातं. 2018-19 मध्ये नॉर्दर्न टेरिटरीतल्या अभ्यासलेल्या 28 वस्त्यांत 91 टक्के घरांची वीज एकदा तरी अशी तुटली होती.

पाणी बोअरचं आणि जड. क्षार साचून गीझर, नळ, कूलरचे पॅड चोंदतात. याच भागातल्या लारांबा वस्तीत तर लिटरमागे 0.046 मिग्रॅ युरेनियम निघालं, तेव्हाची मर्यादा 0.017. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने प्रमाण वाढतं. तिथे 2023 मध्ये पाण्यातलं युरेनियम काढणारा आयन-एक्स्चेंजचा प्लांट बसवला.

रानवाट: आणि जायचं झालं तर?

मुरमाड: तनामी रोडला परवाना लागत नाही. रस्ता सोडून आदिवासी जमिनीत शिरायचं तर लँड काउन्सिलचा परवाना आधीच काढा. दारू अजिबात नेऊ नका. पंपावर साधं पेट्रोल नसतं. हुंगून नशा होऊ नये म्हणून कमी ॲरोमॅटिकवालं, म्हणजे नशा आणणारी रसायनं कमी असलेलं पेट्रोल ठेवतात. 91 ऑक्टेनवर चालणाऱ्या गाडीला ते बिनधास्त भरा.