मदत हवी आहे: तीन महिन्यांच्या मांजरीला जुलाब (सातारा)

नमस्कार, आम्ही साताऱ्यात गोडोलीला राहतो. मनी तीनेक महिन्यांची असेल, गल्लीतलीच, नुकतीच घरात घेतली. कालपासून पातळ शी होतेय, पिवळसर आणि भयंकर वास, सकाळी एक उलटी पण झाली. थोडं खाते, पाणी पिते, रक्त नाही दिसलं, पण दोरी हलवली की झेप घेणारी पोरगी आज नुसती बघत बसते आणि तेच बघवत नाही हो. आधी खालच्या काकू दूध-भात घालायच्या, आता ड्राय फूड चालू केलंय, त्याने झालं असेल का जंत असतील? पोट टम्म आणि बाकी अंग बारीक. जंताचं औषध, लस काहीच झालेलं नाही.

आज रविवार, जवळचा दवाखाना बंद. एकांनी माणसांची जुलाबाची गोळी पाव द्या म्हणून सांगितलं, मला धीर होत नाही. शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजला न्यायचं तर खंबाटकी घाट ओलांडून एवढ्याशा जिवाला न्यायचं. उद्यापर्यंत थांबू का?

प्रतिसाद १
गोळी अजिबात नको! आणि अंग गरम लागलं म्हणून पॅरासिटामॉल तर मुळीच नाही, मांजराला ते विष आहे. दूध बंद. उपाशी पण ठेवू नका, एवढ्या लहान पिल्लाची साखर उतरते. बिनहाडाचं चिकन नुसत्या पाण्यात उकडा, मीठ हळद कांदा लसूण काही नको, चमचा चमचा द्या. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडा, लगेच बसली तर ठीक, सावकाश बसली तर अंगातलं पाणी कमी झालंय.

प्रतिसाद २
लस नाही हे मला जास्त काळजीचं वाटतं. पॅनल्यूकोपेनिया (मांजरांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) असेल तर लस न झालेलं पिल्लू एक-दोन दिवसात हातचं जातं. परत उलटी झाली, खाणं सोडलं, रक्त दिसलं किंवा मलूल झाली तर थांबू नका. आधी फोन करून आज कोण आहे विचारा. ताजी शी डबीत घेऊन जा, जंत, कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) तपासता येतात.

धागाकर्ती
गोळी दिली नाही. चिकन दोन चमचे खाल्लं, पण कातडी सावकाश बसतेय त्यामुळे आता थांबत नाही, फोन लावतेय. साताऱ्यातच आज कोणी बघत असेल तर लगेच सांगा प्लीज.