मदत हवी आहे: आइसलँडचा लॉयगावेगुर ट्रेक गाइडसोबत केलाय का कुणी?

लँडमनालॉगर ते थोर्समोर्क, साधारण ५५ किमी, ऑगस्टमध्ये. बायको आणि मी, दोघेही पन्नाशीचे. सह्याद्रीत नियमित भटकतो, त्यामुळे चढाची चिंता नाही. धास्ती आहे ती पूल नसलेल्या, हिमनद्यांच्या गार पाण्याच्या नद्या पायी ओलांडायची. पाणी वाढलं तर गाइड काय करतात? थांबवतात की जीपमधून पलीकडे नेतात? पायात काय घातलंत? वाटेतल्या ह्राफ्नतिन्नुस्केरच्या पठारावर ऑगस्टातही बर्फ आणि धुकं असतं म्हणे, तिथे गाइडचा खरंच उपयोग झाला का? सामान जीपने पुढच्या मुक्कामाच्या हटवर पोचवणाऱ्या सहली बऱ्याच महाग आहेत. पैसे वसूल होतात का? आणि हो, बायको शुद्ध शाकाहारी आहे. कंपन्यांच्या जाहिराती नकोत, स्वतःचे अनुभव सांगा.