डेंग्यू: प्लेटलेट्स ६२ हजारांवर, डॉक्टर चढवत नाहीत. मदत हवी आहे

मुग्धा_नाशिक
भावाला डेंग्यू निघालाय. परवा प्लेटलेट्स १ लाख १० हजार होत्या, आज सकाळी ६२ हजार. काल रात्रीपासून ताप नाही, तरी आकडा खालीच चाललाय. सकाळी दाखवलं तर डॉक्टर म्हणाले, इतक्यात चढवायची गरज नाही. मावशी म्हणते दवाखाना बदला. नाशिकमध्ये बी पॉझिटिव्ह प्लेटलेट्स लगेच कुठे मिळतील? प्लीज लवकर सांगा.

रानफूल
आधी पपईच्या कोवळ्या पानांचा रस द्या, दोन-दोन चमचे सकाळ-संध्याकाळ. आमच्या यजमानांच्या तीन दिवसांत दीड लाखावर गेल्या होत्या.

साधा_डॉक्टर
वय किती? तापाचा आज कितवा दिवस? घरी आहे की अ‍ॅडमिट? पीसीव्ही (रक्तातलं तांबड्या पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण) किती? लघवी होतेय का? पोटात दुखणं, उलट्या, हिरड्यांतून रक्त?

साधा_डॉक्टर
रानफूलताई, ताप उतरल्यावर दोन-तीन दिवसांत बहुतेकांच्या प्लेटलेट्स आपोआपच वाढतात. त्या वेळी जे चालू असेल त्याला श्रेय मिळतं. शिवाय तो रस जहाल कडू. पेशंट ओकला तर ती उलटी रसाची की आजाराची, हे कसं ठरवणार?

रानफूल
तुमच्या पुस्तकात नसेल, पण आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

देवळाली_कॅम्प
नगरपालिकेला फोन करून आधी धुराची फवारणी करून घ्या. आमच्या सोसायटीने तेच केलं.

गच्चीवरची_बाग
धुराने फक्त उडते डास मरतात. एडिसची, म्हणजे डेंग्यूच्या डासाची, अंडी कोरड्या कुंडीच्या कडेला काही महिने तग धरतात, पाणी लागलं की आठ-दहा दिवसांत नवे डास तयार. फ्रिजमागचा ट्रे, कूलर, ताडपत्रीवरचं पाणी दर आठवड्याला ओता आणि भांडं घासून काढा. मुग्धा, भावाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेव. हा डास दिवसा चावतो, आणि त्याला चावलेला डास पुढे घरातल्या दुसऱ्या कुणाला आजार देऊ शकतो.

मुग्धा_नाशिक
फवारणीचं नंतर बघू हो! वय २२, घरीच आहे. ताप सोमवारी आला, आज शुक्रवार. पीसीव्ही परवा ३९, आज ४७. डॉक्टरांकडून आल्यावर पोटात खूप दुखतंय म्हणतो, तीनदा ओकला. तीन वर्षांपूर्वी हॉस्टेलवर असतानाही डेंग्यू झाला होता. पण रक्त कुठेच नाही, मग प्लेटलेट्सचं काय?

साधा_डॉक्टर
प्लेटलेट्सचा शोध थांबवा आणि आत्ता त्याला अ‍ॅडमिट करा. ताप उतरतो तेव्हाच डेंग्यूचा धोक्याचा काळ सुरू होतो, साधारण २४ ते ४८ तास. या काळात केशवाहिन्यांतून रक्तातलं पाणी पाझरतं, रक्त दाट होतं. ३९ चा ४७ म्हणजे तेच चाललंय. पोटदुखी आणि उलट्याही त्याचीच खूण. त्याला मोजूनमापून सलाईन हवं. ठळक रक्तस्राव नसेल तर ६२ हजारांना प्लेटलेट्स देत नाहीत, डॉक्टरांचं बरोबर आहे. फक्त ही पोटदुखी त्यांना आत्ता फोन करून सांगा. दुखतंय म्हणून ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन अजिबात नको.

देवळाली_कॅम्प
एकदा झाला की परत होत नाही ना? रिपोर्ट चुकला असेल.

साधा_डॉक्टर
विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाची प्रतिकारशक्ती त्याच प्रकारापुरती टिकते. दुसऱ्या प्रकाराची लागण झाली की जुनी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) विषाणूला मारत नाहीत, उलट त्याला पेशींत शिरायला मदत करतात. म्हणून दुसरा डेंग्यू जास्त जपायचा.

मुग्धा_नाशिक
अ‍ॅडमिट केलं. सलाईन चालू आहे, पीसीव्ही दर काही तासांनी बघणार आहेत. प्लेटलेट्स ५४ हजार, चढवल्या नाहीत. लघवी झाली, पोट जरा कमी दुखतंय. मावशीला हा धागा वाचून दाखवला.

रानफूल
बरं झालं गं. डिस्चार्जनंतर रस नक्की दे.

सिन्नरकर
माझ्या आईचा ताप गेला पण बोटांचे सांधे अजून आखडतात. हाही डेंग्यूच का?

साधा_डॉक्टर
चिकुनगुन्याची तपासणी करा. डास तोच, विषाणू वेगळा. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.